एक नदी, एक आराखडा
माणदेशातील गावांच्या दीर्घकालीन नियोजनाचा विचार

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वर आहे. तेथे एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका असून तेथे वर्षाकाठी सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि तोही सारखा पडत नाही. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात व मागे उरलेल्या पर्जन्यछायेत हा सारा प्रदेश येतो. कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात उगम पावणारी माण नदी दहिवडी, म्हसवड या गावांवरून पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी व सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या तालुक्यांतून वाहत जाऊन अखेर भीमेला मिळते. तिच्याच नावाने या मुलखाला माणदेश म्हणतात. वर्षातील बहुतेक महिने तिचे पात्र कोरडे असते.

बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही येथील पिके; मेंढरे व खिल्लार जनावरे हे येथील धन. म्हसवडच्या श्रीसिद्धनाथाच्या मार्गशीर्षातील रथोत्सवाला दूरदूरचे शेतकरी व धनगर येतात. लोक काटक व कष्टाळू आहेत. तरीही दर काही वर्षांनी दुष्काळ येतो आणि जनावरे दावणीवरून सोडावी लागतात. हे किती पिढ्या चालावयाचे, हा प्रश्न माणदेशातील गावांपुढे आहे. त्याचे उत्तर एका ग्रामपंचायतीच्या, एका खात्याच्या किंवा एका संस्थेच्या हाती नाही. सर्वांनी मिळून आखलेल्या व सर्वांनी पाळलेल्या आराखड्यातच ते सापडण्यासारखे आहे.

एकाच वर्षातील दोन चित्रे

पानी फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली गावोगावच्या जलसंधारणाची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके तीत होते. २०१८ साली त्यांची संख्या ७५ झाली. गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी शास्त्रीय प्रशिक्षण मिळे आणि मग ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस गावाने श्रमदान करावयाचे, अशी रीत होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, दगडी बांध, शेतांतील बांधबंदिस्ती, माती नाला बांध अशी कामे क्रमाने घेतली जात. ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा माण तालुक्यातील टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक व ७५ लाख रुपयांचे पारितोषिक मिळविले. याच तालुक्यातील भांडवली हे गाव दुसऱ्या क्रमांकाचे मानकरी ठरले. ज्या तालुक्याची ओळख टँकरांवरून होत असे, त्याने साऱ्या महाराष्ट्राला श्रमदानाचा धडा घालून दिला.

हे झाले पहिले चित्र. दुसरे चित्र त्यानंतर काही आठवड्यांतच दिसू लागले. २०१८ चा मान्सून माणदेशावर रुसला. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण तालुका होता. २०१९ च्या आरंभी म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने जनावरांसाठी छावणी उघडली व आसपासच्या गावांतील शेतकरी कुटुंबे गुरांसह तेथे येऊन राहिली. २०१२-१३ च्या दुष्काळातही म्हसवडला अशीच छावणी उभारावी लागली होती.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच शंका येईल की, मग ते श्रमदान व्यर्थ गेले काय? तसे मुळीच नाही. पडलेला पाऊस अडविणे व जिरविणे हे चराचे व बांधाचे काम आहे. न पडलेला पाऊस आणणे हे त्याचे काम नव्हे. जिरलेले पाणी कोणी, किती व कोणत्या पिकासाठी उपसावे हेही चर ठरवू शकत नाही. ते गावाने ठरवावयाचे असते. पंचेचाळीस दिवसांत गावाच्या शिवाराचे रूप बदलता येते. गावाच्या सवयी बदलण्यास मात्र अधिक काळ व निराळे साधन लागते. ते साधन म्हणजे आराखडा, आणि आराखड्याचा पाया म्हणजे पाण्याचा ताळेबंद.

ताळेबंद कसा मांडावा

पाण्याचा ताळेबंद अवघड नाही. चौथी-पाचवी शिकलेल्या शेतकऱ्यासही तो समजतो. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले. हजार घनमीटर पाण्यास सरकारी भाषेत एक टीसीएम म्हणतात. आता उदाहरणादाखल १,२०० हेक्टर शिवाराचे एक गाव कल्पावे. तेथे ४५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकंदर ५,४०० टीसीएम पाणी पडले. आकडा मोठा दिसतो; परंतु यातील बराच भाग वाफ होऊन जातो, काही मातीत ओलाव्याच्या रूपाने राहून खरिपाच्या उपयोगी पडतो व काही ओढ्यावाटे वाहून जातो. माणदेशासारख्या काळ्या कातळाच्या प्रदेशात पावसाचा सुमारे दहावा भागच खोल मुरून भूजलात जमा होतो, असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे विहिरींच्या वाट्याला आले ५४० टीसीएम.

आता खर्च पाहावा. गावची वस्ती २,००० असेल व माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला ४० टीसीएम लागतील. हजार मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटरप्रमाणे १८ टीसीएम. तीन हजार शेळ्या-मेंढ्यांना प्रत्येकी ५ लिटरप्रमाणे साडेपाच टीसीएम. हा झाला जिवंत राहण्याचा खर्च, सुमारे ६४ टीसीएम. बाकी ४७६ टीसीएम शेतीसाठी राहिले.

पाटाने पाणी दिलेल्या उसाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २० टीसीएम. याचा अर्थ असा की, दोन हेक्टर ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात दोन हजार माणसांची वर्षाची गरज भागते. गावात २० हेक्टर ऊस उभा असेल, तर ४०० टीसीएम त्यातच संपले. उलट रब्बी ज्वारीला ऐन गरजेच्या वेळी ७५ मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या दिल्या, तर हेक्टरी दीड टीसीएम पुरते. उसाचे तेच ४०० टीसीएम पाणी सुमारे २६५ हेक्टर ज्वारीची राखण करू शकते. शिवाय माणसास धान्य व जनावरास कडबा मिळतो, तो वेगळाच. ठिबकने उसाच्या पाण्यात बरीच बचत होते हे खरे, परंतु हे प्रमाण उलटे होण्याइतकी ती नसते.

वाईट वर्षाचा हिशेब याहून कडू असतो. पाऊस निम्म्यावर आला म्हणजे मुरणारे पाणी निम्म्याहूनही कमी होते. कारण पहिल्या सरी कोरडी माती भिजविण्यातच खर्ची पडतात. कल्पनेतल्या गावात अशा वर्षी अडीचशे टीसीएम मुरले असे धरले, तर उभा ऊस ४०० टीसीएम मागतो, आणि माणसे-जनावरे ६४ मागतात. ज्याची मोटार मोठी व बोअर खोल, तो आधी उपसतो. फेब्रुवारीत गावची विहीर तळ गाठते, मार्चमध्ये टँकर येतो, आणि एप्रिलमध्ये लहान शेतकऱ्याचे बैल छावणीच्या वाटेला लागतात. दुष्काळ आभाळातून येतो खरा. परंतु त्याचा काही भाग गावातही तयार होतो. म्हणून हा ताळेबंद दरवर्षी पावसाळा संपताच ग्रामसभेपुढे मांडावा व रब्बीचा पेरा त्यावरून ठरवावा. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार या गावाने हेच केले. १९८९ साली सरपंच झालेले पोपटराव पवार व त्यांचे ग्रामस्थ यांनी आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे तर केलीच. पण त्याबरोबरच शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळी यांसारखी तहानलेली पिके न लावण्याचा दंडक स्वतःस घालून घेतला. तेथील पाऊस माणपेक्षा जास्त नाही. फरक पावसात नसून दंडकात आहे.

अनेक खाती, एक गाव

नियोजन ही गावाला नवी गोष्ट नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रम सुरू झाला व ग्रामसेवक गावात आला. कार्यक्रम सरकारचा आणि गाव केवळ लाभार्थी, अशी त्या काळी उणीव राहिली. ती ओळखून बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकनियुक्त संस्थांकडे सत्ता सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली पंचायतींना घटनेचा आधार दिला. आर्थिक विकासाचा व सामाजिक न्यायाचा आराखडा पंचायतींनी तयार करावा, असे घटनेच्या २४३-छ या अनुच्छेदात सुचविले आहे. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत शेती, लघुपाटबंधारे, पाणलोट विकास, पिण्याचे पाणी हे सारे येतात. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला, तेव्हा राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली गावोगाव आराखडे होऊ लागले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला.

म्हणजे अधिकार आहे, निधीही आहे. अडचण निराळीच आहे. एकाच ओढ्यावर कृषी विभागाचा बांध एका यादीत असतो, जलसंधारणाचा बंधारा दुसऱ्या यादीत, रोजगार हमीचे काम तिसऱ्या, स्वयंसेवी संस्थेचे खोलीकरण चौथ्या आणि नळयोजनेची विहीर पाचव्या यादीत असते. प्रत्येक यादी आपल्या जागी योग्य असते. परंतु त्या एकमेकींस ओळखत नाहीत. मग वरचा बंधारा होण्याआधी खालचा होतो व पहिल्याच पुराच्या गाळाने भरतो. ज्या विहिरीवर नळयोजना अवलंबून असते, तिच्या शेजारी कोणी बोअर घेतो. वास्तविक सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास कायद्याने १९९३ पासून मनाई आहे. परंतु गावाच्या नकाशावर ती ५०० मीटरची रेघ ओढलेली नसते, म्हणून तिची कोणास आठवणही राहात नाही.

यावर उपाय साधा आहे. गावाचा नकाशा एकच असावा व तो चावडीवर लावलेला असावा. ओढे, विहिरी, बोअर, बांध, गायरान, वस्त्या हे सर्व त्यावर दाखवावे. गावात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक खात्याने व संस्थेने आपले काम प्रथम त्या नकाशावर मांडावे, ग्रामसभेत त्याचा क्रम ठरावा आणि मगच कुदळ लागावी. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत, जीत राज्यातील सातारा व सांगलीसह तेरा जिल्ह्यांतील निवडक गावे होती, हीच रीत अवलंबिली गेली. गावाने पर्जन्यमापक व विहिरींची पातळी यांवरून पाण्याचा अंदाज करावा, जलसुरक्षा आराखडा बनवावा व निरनिराळ्या खात्यांच्या योजना त्यात गुंफाव्या, असे तिचे सूत्र होते. योजना येतात व संपतात. नोंदीची व ताळेबंदाची सवय मात्र गावाने टिकवावयाची असते.

ज्यांचा आवाज सभेत उमटत नाही

गावासाठी पाणी आणणे हे बहुधा स्त्रियांचे काम असते. आराखड्याची सही मात्र पुरुषांची असते. म्हसवडचा एक दाखला येथे सांगण्यासारखा आहे. श्रीमती चेतना गाला सिन्हा व माणदेशातील स्त्रियांनी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नाही या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या स्त्रिया साक्षरतेच्या वर्गास बसल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्यांना सही करता येत नाही म्हणून अपात्र ठरविले, त्यांना व्याजाचा हिशेब तोंडी करता येत होता. पाण्याच्या हिशेबासही हेच लागू आहे. हंडा किती लांबून आणावा लागतो, कोणत्या महिन्यात आड आटतो, शेळीला किती पाणी पुरते, हे भूजल खात्याच्या नोंदीपेक्षा गृहिणीस अधिक अचूक ठाऊक असते.

ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचा नियम राज्यात आहेच. तो केवळ वहीत न राहता, ताळेबंदाची पहिली मांडणी महिला सभेपुढेच व्हावी. तीच गोष्ट मेंढपाळांची. चारा-पाण्यासाठी मेंढपाळ वर्षातील काही महिने गावाबाहेर असतो. तो गावी असेल त्या दिवसांत त्याचे म्हणणे नोंदवून न घेतल्यास गायरानाचा आराखडा त्याच्या माघारी होतो व त्याच्याच मुळावर येतो.

शिवेपलीकडचे पाणी

गावाचा आराखडा शिवेवर संपतो, पाणी संपत नाही. माण नदीच्या काठी ग्रामपंचायती आहेत, दहिवडीची नगरपंचायत आहे, म्हसवडची नगरपरिषद आहे. म्हसवडच्या खाली राजेवाडीचा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळी कामांच्या काळात तो बांधला गेला. त्याचा पाणलोट प्रामुख्याने माण तालुक्यात, तर त्याच्या पाण्याचा लाभ मुख्यत्वे खालच्या आटपाडी व सांगोला तालुक्यांस. वरच्या गावाने डोंगर राखला तर खालच्या तलावात गाळ कमी येतो; वरच्याने सारे पाणी अडवून उपसले तर खालचा तलाव रिता राहतो. शहराचे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत गेले, तर ते खालच्या गावच्या विहिरीत उतरते. ही देवघेव एका ग्रामसभेच्या ठरावाने मिटणारी नाही. पंचायती व नगरपालिका यांचे आराखडे एकत्र जुळविण्यासाठीच घटनेने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली. परंतु जुळविण्यासारखे काही गावाकडून व नगराकडून आधी तिच्याकडे गेले पाहिजे.

ही निकड आता वाढली आहे. जिहे-कठापूर उपसा योजनेने कृष्णेचे पाणी नेर तलाव व आंधळी धरणाकडे वळले. उरमोडीचे पाणीही खटाव-माण भागासाठी उचलले जाते. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेले पाणी शिवारात आल्यावर आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु उपसा योजनेचे पाणी विजेवर चढते, त्याचे बिल असते, आणि वरच्या धरणात कमी साठा झाला की ते आधी तुटते. अशा पाण्याच्या भरवशावर ऊस लावणे म्हणजे दुसऱ्याच्या पावसावर आपले घर बांधणे होय. शेजारच्या आटपाडी भागात पाणी संघर्ष चळवळीने नागनाथअण्णा नायकवडी व डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली. तिचे मर्म असे की, आलेले पाणी काठावरच्या थोड्या शेतांत न मुरता प्रत्येक कुटुंबास मर्यादित पण निश्चित हिस्सा मिळावा. म्हसवड-धुळदेव परिसरात औद्योगिक क्षेत्राचीही योजना पुढे आली आहे. उद्योगास जमीन लागेल, पाणी लागेल आणि माणसेही लागतील. पुढील वीस वर्षांचा हिशेब गावाने व नगराने मिळून आजच मांडला, तर ते वाटाघाटीस कागद घेऊन बसतील. न मांडला, तर दुसऱ्याने मांडलेल्या हिशेबावर अंगठा उठवावा लागेल.

कार्यकर्त्याने धरावयाचा क्रम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हे काम पुढील क्रमाने हाती घ्यावे :

१. पावसाळ्यापूर्वी गावात पर्जन्यमापक बसवावा व रोजची नोंद शाळेतील मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावी. वेगवेगळ्या भागांतील दहा-बारा विहिरी निवडून त्यांची पातळी ठराविक दिवशी मोजावी.

२. शिवारफेरी काढून नकाशा तयार करावा. जुने पाझर तलाव, फुटलेले बांध, गाळाने भरलेले बंधारे यांची प्रथम नोंद घ्यावी. नव्या कामापेक्षा जुन्याची दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते.

३. ऑक्टोबरमध्ये ताळेबंद मांडावा. प्रथम महिला सभा, मग ग्रामसभा. माणसे व जनावरे यांचे पाणी आधी बाजूस काढून उरलेल्यातच रब्बीचा पेरा ठरवावा. तूट असेल तर ती लपवू नये. लपविलेली तूट उन्हाळ्यात दुप्पट होऊन उभी राहते.

४. सर्व खाती, बँक व संस्था यांच्या प्रतिनिधींना एकाच दिवशी बोलवावे. कोणते काम कोण, केव्हा व कोणत्या निधीतून करणार, हे एकाच तक्त्यावर लिहून तो तक्ता चावडीवर लावावा.

५. प्रत्येक बांधाच्या देखभालीसाठी नाव नेमून द्यावे व दरवर्षी थोडा निधी राखून ठेवावा. बेवारशी बंधारा तीन पावसाळ्यांत नाहीसा होतो.

६. चांगल्या वर्षी चाऱ्याचा साठा करावा. कडब्याच्या गंजी व मुरघास हीच दुष्काळाची खरी पेढी होय.

हा क्रम पहिल्या वर्षी अर्धामुर्धाच साधेल. कोणी सभेस येणार नाही, कोणी आपल्या बोअरचा आकडा सांगणार नाही, ज्याचा ऊस उभा आहे तो रागावेल. त्याचा राग समजून घ्यावा. कर्ज काढून लावलेले पीक एका ठरावाने उपटता येत नाही. त्यास डाळिंब, कांदा किंवा चारापिकाकडे वळण्यास दोन-तीन हंगामांची मुदत, ठिबकसाठी कर्ज व खात्रीची बाजारपेठ लागते. येथेच बँक व संस्था यांची भागीदारी उपयोगी पडते. दंडक गावाने घालावा, तो पाळणे शक्य व्हावे म्हणून हात सहकाऱ्यांनी द्यावा. दोहोंपैकी एक नसेल, तर दुसरे टिकत नाही.

टाकेवाडी व भांडवली येथील ग्रामस्थांनी २०१८ च्या वैशाखात कुदळ उचलली, तेव्हा माणदेशात श्रमास तोटा नाही हे साऱ्यांना कळले. पुढच्याच उन्हाळ्यातील म्हसवडच्या छावणीने केवळ श्रम पुरत नाहीत हेही कळविले. या दोन्ही गोष्टी एकाच मातीने शिकविल्या आहेत. ज्या गावाने यातील पहिला धडा गिरविला आहे, त्याने आता दुसरा गिरवावा. यंदाचा पाऊस कसा होईल हे कोणाच्या हाती नाही; पाऊस झाल्यावर ऑक्टोबरची ग्रामसभा कशी होईल, हे मात्र सर्वस्वी गावाच्याच हाती आहे.